निरगुडीची फाईल

सोमवारी सकाळी साडेनऊला श्रीमंत मेटकरींनी कंप्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन पांढऱ्या ओळी उमटल्या. त्यांनी चष्मा पुसून त्या वाचल्या. कंप्युटरला काहीतरी सापडत नाहीये, एवढंच कळलं. काय सापडत नाहीये ते त्याचं त्यालाच माहीत.

त्यांनी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. वायर काढून फुंकर मारली, परत लावली. पुन्हा त्याच दोन ओळी.

"रंभा, तू काल इथं पुसताना काही हलवलंस का?"

"मी तुमच्या त्या डबड्याला हात लावत नाही. मागं एकदा लावला होता, तेव्हा आठ दिवस ऐकून घेतलंय," स्वयंपाकघरातून रंभाबाई म्हणाल्या.

मेटकरी एकोणसत्तर वर्षांचे. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची नोकरी झाली. नातेपुते, दुधनी, मंद्रूप, असा सगळा जिल्हा फिरून झाला. गावोगाव त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते, पण गाभण म्हैस अडली की नियम बघायला कुणाला वेळ नसतो. स्वतः मेंढपाळाच्या घरातले, सांगोल्याच्या बाजूचे. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात दोन खोल्यांचं घर बांधलं, कंप्युटर घेतला आणि अकरा वर्षं रोज सकाळी दोन तास बसून एकच काम केलं. जिल्ह्यातल्या जुन्या मेंढपाळांनी सांगितलेलं सगळं त्यांनी टाईप केलं. कुठल्या दुखण्याला कुठला पाला, कुठल्या माळावरचं गवत कधी चारायचं नाही, कोकरू आईनं झिडकारलं तर काय करायचं. एकतीस प्रकरणं झाली होती. पन्नास प्रती छापायचं ठरलंही होतं.

आणि आता दोन पांढऱ्या ओळी.

मुलगी वैष्णवी पुण्याला असते. तिला फोन लावला.

"बाबा, बॅकअप आहे ना?"

"म्हणजे?"

"दुसरीकडे कुठं कॉपी ठेवली होती का? पेन ड्राईव्हवर, मेलवर, कुठंही?"

"अगं, ज्यात लिहिलं त्यातच ठेवलं की. दुसरीकडं कशाला ठेवू?"

मग तिनं विचारलं, "आणि वह्या? त्या आहेत ना?"

मेटकरींनी फोन रंभाबाईंच्या हातात दिला.

वह्या चौदा होत्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत रंभाबाईंनी विचारलं होतं, "ह्या ठेवायच्या का?" आणि मेटकरींनी ऐटीत सांगितलं होतं, "दे रद्दीत, सगळं कंप्युटरात आलंय." "राहू देत की, काय खायला मागतात का?" असंही त्या म्हणाल्या होत्या. हे सगळं त्यांनी आता लेकीला सावकाश, शब्दन् शब्द सांगितलं. मेटकरी शेजारी उभे राहून ऐकत होते. खोटं काहीच नव्हतं, म्हणून मध्ये बोलायलाही जागा नव्हती.

दुपारी रिक्षात मांडीवर कंप्युटर घेऊन ते सात रस्त्याजवळच्या एका दुकानात गेले. दुकानदाराच्या एका कानाला फोन होता. त्यानं मोकळ्या हातानं वायरी जोडल्या, पडदा बघितला आणि म्हणाला, "विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा."

"माझं काम राहील ना?"

"डी ड्राईव्हचं राहील. सीचं जाईल."

"माझं सगळं डेस्कटॉपवर आहे. समोरच दिसतं, पिवळ्या खोक्यात."

"हां हां," दुकानदार म्हणाला.

ते 'हां हां' फोनवरच्या माणसाला होतं, हे मेटकरींना संध्याकाळी कळलं. कंप्युटर झकास चालू झाला होता. पडद्यावर हिरव्या डोंगराचं चित्र होतं, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली होती. बाकी काही नव्हतं.

"माझं खोकं कुठंय?"

"कुठं होतं?"

"डेस्कटॉपवर. सांगितलं होतं तुम्हाला."

"अहो काका, डेस्कटॉप म्हणजे सी ड्राईव्हच की. ते गेलं."

"मग मी सांगितलं तेव्हा तुम्ही हां का म्हणालात?"

"तुम्ही फॉरमॅटला हो म्हणालात म्हणून."

मेटकरी आयुष्यभर लाथाळ म्हशी, अडेल बैल आणि जिल्हा परिषदेचे सदस्य सांभाळत आलेले. त्यांचा आवाज सहसा चढत नसे. त्या दिवशी असा चढला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवलं. उपयोग काहीच झाला नाही. दुकानदार शेवटी म्हणाला, "पासवर्ड तरी ठेवायचा होता काका." पासवर्डचा यात काय संबंध, हे मेटकरींना तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

घरी येऊन त्यांनी कंप्युटर चार वेळा चालू केला. खोकं कुठं कोपऱ्यात सरकलंय का, हे बघायला. एकदा तर त्यानं आपणहून काहीतरी उतरवून घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आले, 'बंद करू नका' अशी इंग्रजीत सूचना आली. मेटकरींनी मुकाट्यानं पाऊण तास तेही बघितलं.

वैष्णवीचा फोन आला. तिनं कुठूनतरी माहिती काढली होती. "बाबा, नीट ऐका. कंप्युटर अजिबात चालू करू नका. पुसलेलं आत कुठंतरी असतं अजून. पण त्यावर नवीन काही आलं की मग ते कायमचं जातं."

"हे सकाळी सांगायचं नाही होय?"

"चालू केला होता का?"

"नाही," मेटकरी म्हणाले. रंभाबाईंनी भाकरी थापता थापता त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "चार वेळा," ते म्हणाले.

वैष्णवीनंच शोधून दिलेला माणूस म्हणजे ऋतुराज. होटगी रोडला घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम चाले. पस्तिशीचा, कमी बोलणारा. मेटकरींनी सांगितलेलं सगळं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हीच त्या आठवड्यातली पहिली बरी गोष्ट. डिस्क काढून टेबलावर ठेवत तो म्हणाला, "काका, मी शब्द देत नाही. वर नवीन विंडोज बसलंय, अपडेटपण आलंय. जेवढं खाली दबलेलं वाचता येईल तेवढं काढतो. सहा-सात दिवस लागतील."

"मी तिसऱ्या दिवशी फोन केला तर चालेल?"

"नका करू."

मेटकरींनी तिसऱ्या दिवशी फोन केला. चौथ्या दिवशी ते स्वतःच गेले. पाचव्या दिवशी रंभाबाईंनी त्यांना मुद्दाम दळण आणायला पाठवलं, आणि गिरणीत बसून त्यांनी शेजारच्या माणसाला डिस्क म्हणजे काय ते पूर्ण समजावून सांगितलं. त्या माणसानं विचारलं, "मग बॅकअप नव्हता का?" गव्हाचं पीठ होईपर्यंत मेटकरी बाहेर उन्हात उभे राहिले.

सातव्या दिवशी ऋतुराजनं बोलावलं. तीन हजारांवर फाईली निघाल्या होत्या. मेटकरींचा चेहरा उजळला. मग त्यांनी पडद्यावर बघितलं. एकाही फाईलला नाव नव्हतं, नुसते आकडे. रंभाबाईंच्या भाचीच्या लग्नाचे फोटो, विजेची बिलं, कंप्युटरची स्वतःची कसलीकसली चित्रं, सगळं एकात एक. ऋतुराजनं त्यातल्या लिहिलेल्या फाईली बाजूला काढल्या होत्या. एक उघडली.

पानभर इंग्रजी अक्षरं होती, पण धड इंग्रजीही नाही. टोपी घातलेला ए, शेपटी फुटलेला सी, उलटं प्रश्नचिन्ह, डोक्यावर दोन ठिपके असलेला यू. ओळीमागून ओळी तेच.

"हे काय आहे?"

"करप्ट झालंय, काका. बहुतेक सगळ्याच अशा आहेत. मी दोन-तीन प्रकारे उघडून बघितलं." ऋतुराजला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यानं एक पान छापून दिलं, सगळ्या फाईली पेन ड्राईव्हमध्ये भरून दिल्या. "असू द्या जवळ."

मेटकरींनी ते पान घडी घालून खिशात ठेवलं. घरी जायची इच्छा नव्हती. बाळीवेशीत शांतम्मांचा छापखाना होता. तिथं पुस्तकासाठी कागदसुद्धा बघून ठेवला होता. निदान त्यांना तरी सांगून टाकावं, म्हणून ते तिकडं गेले.

शांतम्मा लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं छापतात. अठ्ठावीस वर्षं कंप्युटरवर मराठी आणि कानडी अक्षरं जुळवण्यात गेली. चष्मा कपाळावर ठेवायची सवय. मेटकरींनी दारातूनच सांगितलं, "छपाई रद्द करा, बाई. कंप्युटरनं सगळं खाल्लं." आणि पुरावा म्हणून ते पान पुढं केलं.

शांतम्मांनी चष्मा खाली ओढला. पान वाचायला घेतलं. खरंच वाचायला, त्यांची नजर ओळीवरून डावीकडून उजवीकडे जात होती.

"मेटकरी साहेब, हे मराठी आहे की."

"कुठलं मराठी? तो उलटा प्रश्न बघा."

"ती वेलांटी आहे. हा टोपीवाला म्हणजे म. हे बघा, 'मेंढी'. पुढं 'मेंढी पाणी पीत नाही'. काहीतरी 'तेव्हा' आहे." त्या हसायला लागल्या. "जुना फॉन्ट आहे हा. तुमच्या कंप्युटरातला फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेला, म्हणून अक्षरं अशी दिसतात. लिहिलेलं जिथल्या तिथं आहे. हा फॉन्ट तुम्हाला दिला कुणी?"

"ऑफिसातल्या गुरुबसप्पानं. टायपिस्ट होता आमचा. सीडीवरून घालून दिला होता."

"आजच्या पोरांना हे काय माहीत असणार? त्यांच्या जन्माच्या वेळचा आहे," शांतम्मा म्हणाल्या.

मेटकरी स्टुलावर बसले. सात दिवस झोप नाही, भाचीच्या लग्नाचे फोटो, उलटं प्रश्नचिन्ह. आणि उत्तर एका बाईला नुसत्या डोळ्यांनी वाचता येत होतं. आनंद व्हायला हवा होता. पहिल्यांदा संतापच आला. मग त्यांनी पाणी मागितलं.

शांतम्मांकडे अगदी तोच फॉन्ट नव्हता, जवळचा होता. त्यात अक्षरं आली, पण जोडाक्षरं मोडून. 'मेंढ्या' म्हणून जे होतं तिथं 'मेंढ' आणि 'या' असे दोन तुकडे. जिथं जिथं रफार होता तिथं एक लहानसा चौकोन. पुढचे वीस दिवस मेटकरी छापखान्यातल्या दुसऱ्या कंप्युटरवर बसून चौकोन पुसत राहिले. रोज एक प्रत पेन ड्राईव्हवर, एक वैष्णवीला मेलवर, एक शांतम्मांच्या कपाटात. संध्याकाळी घरी येऊन ते रंभाबाईंना सांगत, "आज चारशे दहा रफार बसवले." रंभाबाई म्हणत, "जेवून घ्या."

शेवटी हिशेब लागला. एकतीसपैकी बावीस प्रकरणं पूर्ण मिळाली. सहा अर्धीमुर्धी. तीन गेलीच. त्या तिनांत पहिलं प्रकरण होतं, निरगुडीचं.

दुसरं कुठलंही गेलं असतं तरी मेटकरींनी मनाची समजूत घातली असती. पण सगळं काम सुरू झालं होतं ते त्या निरगुडीपासून. एकोणीस वर्षांपूर्वी ते मंद्रूपला असताना आंत्रविषाराची साथ आली. मेंढरं संध्याकाळी चरून यायची आणि सकाळी मरून पडलेली असायची. त्याआधी लस टोचायची शिबिरं गावोगाव झाली होती. मंद्रूपजवळच्या वस्तीवर सोमलिंग नावाच्या मेंढपाळानं काठी आडवी धरली होती, "माझ्या मेंढरांस्नी सुई लावू देणार न्हाय. गाबडत्यात, गाभ टाकत्यात." मेटकरी परत फिरले. साथीत ज्यांनी टोचून घेतलं नव्हतं त्यांची मेंढरं गेली, पण सोमलिंगचं एकही गेलं नाही. मेटकरी चकित होऊन विचारायला गेले, तेव्हा सोमलिंगनं निरगुडीच्या पाल्याचा काढा सांगितला. किती पाला, किती पाणी, किती दिवस. खात्याच्या पुस्तकात नाही असं या लोकांना काहीतरी माहीत आहे, असं त्या दिवशी मेटकरींच्या मनानं घेतलं. घरी येऊन त्यांनी पहिली वही उघडली.

तेच प्रकरण गेलं होतं. पाल्याचं माप आठवत नव्हतं. पावशेर की अर्धा शेर? तीन दिवस की पाच? अंदाजानं लिहिणं त्यांना जमणारं नव्हतं. ते मंद्रूपला निघाले. "सोमलिंगची बायको कानडीच बोलते, मी येते," म्हणून रंभाबाईही निघाल्या. त्यांचं माहेर दुधनीचं, कानडी बोलणारं.

सोमलिंग आता ऐंशीच्या पुढचा. पत्र्याच्या शेडपुढं बाजेवर बसला होता. बायको अक्कम्मा उंबऱ्याशी लसूण सोलत होती. "बा, कुंद्रु," ती रंभाबाईंना म्हणाली आणि बसायला पोतं सारलं.

मेटकरींनी झालेली हकिकत सांगितली. दुकानदार, फॉरमॅट, फॉन्ट, सगळं. सोमलिंग मान हलवत राहिला.

"म्हंजी मी सांगितलेलं समदं पुसलं?"

"व्हय. म्हणून परत आलोय. निरगुडीचं माप सांगा एवढं."

सोमलिंगनं मूठ उघडून मिटली. "दोन मुठी पाला घ्यायचा. तांब्याभर पाण्यात उकळायचा—"

"मागं तुम्ही शेरानं सांगितलं होतं. मुठी नाही."

"तेच की. शेर म्हंजी मुठीच."

"आणि दिवस?"

"सात."

"सात? मागं सात नक्की नव्हते. पाच म्हणाला होता की तीन?"

"तुमाला जर ठावं हाय तर मला कशाला इचारताय?" सोमलिंग चिडला.

"मला आठवत नाही म्हणून तर आलोय! तुम्ही तरी एकदा जे सांगता ते दुसऱ्यांदा तेच सांगा की!"

अक्कम्मानं लसणाचं सूप आपटून बाजूला ठेवलं. कानडीत तिनं नवऱ्याला काहीतरी सुनावलं, लांबलचक आणि एका दमात. रंभाबाई ऐकता ऐकता ताठ बसल्या.

"काय म्हणतीये?" मेटकरींनी विचारलं.

"म्हणते, अजून किती दिवस त्या पाल्याचं सांगणार आहेस? आता तरी सांग त्यांना."

सोमलिंगनं तोंड फिरवलं. तेव्हा अक्कम्माच मेटकरींकडे वळून मोडक्या मराठीत बोलली. "डाक्टर, पाला न्हाय. सुई. तूच टोचलास."

"मी? यांनी काठी धरली होती मला."

"ह्यानं धरली. मी धरली न्हाय." मग ती पुन्हा कानडीवर गेली आणि रंभाबाई वाक्यावाक्याला मराठी करून सांगत गेल्या. शिबिर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमलिंग देवाला गेला होता. अक्कम्मानं मेंढरं हाकली आणि थेट माहेरच्या गावी नेली. तिथं त्या दिवशी शिबिर होतं. भावाच्या मेंढरांत आपली मेंढरं मिसळली, भावाच्या नावावर टोचून घेतली आणि दोन दिवसांनी परत आणली. सोमलिंगला कळलं ते साथ येऊन गेल्यावर. तोवर भावकीत त्याच्या पाल्याचं नाव झालं होतं. काढा त्यानं पाजला होता, हे खरं. त्यानं काही झालं नव्हतं, हेही खरं.

मेटकरींना तो दुसऱ्या गावचा दिवस आठवला. एकाच माणसाची इतकी मेंढरं कशी, असं वाटलं होतं. दुपारपर्यंत हात भरून आला होता. कासोटा घातलेली एक बाई एकेक मेंढी गुडघ्यात धरून पुढं करत होती. तिचा चेहरा त्यांनी बघितलाच नव्हता.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत फिरलो. सरकारी सुईपेक्षा म्हातारी माणसं शहाणी म्हणून. पहिलं प्रकरण लिहिलं. छापायला टाकलं होतं, अहो! कुणी वाचून लस सोडून पाला पाजला असता म्हणजे?"

"तुमी साहेब हुता," सोमलिंग खाली बघत म्हणाला. "काठी धरली म्या तुमच्यावर. आन् मग बायकोनं टोचून आणली म्हणून सांगू? कसं सांगू?"

मेटकरींना राग कुणावर काढावा ते सुचेना. सोमलिंगवर काढावा तर तो लहान झाल्यासारखा बाजेवर बसला होता. त्या दुकानदारानं घाईनं पुसलेली फाईल खोटी होती, आणि ती परत मिळावी म्हणून आपण महिनाभर जिवाचं रान केलं होतं. रंभाबाईंना हसू आवरेना; त्यांनी पदर तोंडाला लावला. अक्कम्मानं ते बघितलं आणि तीही हसली.

मेटकरींनी पिशवीतून कागद काढला. "मी हे सगळं लिहू का? जसं झालं तसं? गावचं नाव घालत नाही."

"गावाचं घाल," सोमलिंग म्हणाला. "माझंबी घाल. काठी धरली ते घाल." मग बायकोकडे हनुवटी करत तो म्हणाला, "हिचं नाव आदी घाल."

अक्कम्मानं नाव सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं, आणि किती मेंढरं नेली होती तेही सांगितलं. एकशे सदतीस. ते ती विसरली नव्हती.

पुस्तक अजून छापलेलं नाही. मिळालेल्या बावीस प्रकरणांवरही आता मेटकरींचा भरवसा उरलेला नाही. ज्यांनी सांगितलं त्यांतले सहा जण वारले. त्यांच्या प्रकरणांच्या डोक्यावर ते 'पुन्हा विचारता आलं नाही' असं लिहिणार आहेत. बाकीच्यांकडे ते आणि रंभाबाई एसटीनं जातात, आठवड्यातून एकदा. शांतम्मा वैतागल्यात, कागद पडून आहे म्हणून. वैष्णवी म्हणते, बाबा, संपवा आता. मेटकरी त्या दोघींवर खेकसतात आणि पुढच्या वस्तीवर जातात. तिथं बसल्यावर ते आधी सांगतात की मी आता साहेब नाही, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. मग जुनं प्रकरण वाचून दाखवतात. बहुतेक जण शेवटपर्यंत ऐकून घेतात, आणि मग तेव्हा सांगितलं होतं त्यापेक्षा दुसरंच काहीतरी सांगायला लागतात.